शेऱ्याचा रकाना

कुठलाही छापील फॉर्म घ्या, शेऱ्याचा रकाना अगदी उजव्या कडेला असतो आणि सगळ्यांत अरुंद असतो. नाव, वय, तारीख, दिलेलं साहित्य, सही किंवा अंगठा, या सगळ्यांना ऐसपैस जागा. शेऱ्याला उरलीसुरली. दोन शब्द लिहिले की तिसरा समासात जातो. तरी माणसं लिहितात. बारीक अक्षरात, तिरकं, पानाच्या कडेनं वर चढत, कधी बाण काढून मागच्या बाजूला.

गेली बरीच वर्षं मी हे रकाने वाचते आहे. परदेशी मदतीवर चालणाऱ्या प्रकल्पांचे अहवाल नीटनेटके करून देणं हे माझं पोटापाण्याचं काम. शाळा, दवाखाने आणि छोटे धंदे, असे तीनच विषय; देश मात्र अनेक. कुठल्या तरी परिचारिकेनं, कुठल्या तरी मुख्याध्यापकानं भरलेले फॉर्म स्कॅन होऊन माझ्याकडे येतात. त्यांच्या बेरजा करायच्या, तक्ते मांडायचे, चारशे पानांची चाळीस करायची आणि चाळिसांची दोन. ती दोन पानं पैसे देणाऱ्यांकडे जातात. शेऱ्याचा रकाना त्या दोन पानांत येत नाही. त्याची बेरीज होत नाही ना!

अगदी सुरुवातीला वाचलेला एक फॉर्म अजून डोळ्यांसमोर आहे. एका दवाखान्याला मिळालेल्या उपकरणाची नोंद होती. मिळाल्याची तारीख, अनुक्रमांक, स्थिती 'उत्तम'. आणि शेऱ्यात, 'प्लग बसत नाही.' पुढच्या तिमाहीत तेच उपकरण, तीच 'उत्तम' स्थिती आणि शेरा, 'प्लग अजून बसत नाही.' त्याच्या पुढच्या तिमाहीत नुसतंच, 'वरीलप्रमाणे.' त्या 'वरीलप्रमाणे'पाशी मी बराच वेळ अडून राहिले. अहवालात ते उपकरण 'पुरवलेल्या साहित्या'त मोजलेलं होतं आणि ते खोटंही नव्हतं. पुरवलं तर होतंच.

तेव्हा वाटलं, एखाद्या ठिकाणची गफलत असेल. पण २०११ साली गरीब देशांतल्या रुग्णालयांच्या उपकरणांच्या याद्या एकत्र करून एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यात जवळजवळ ४० टक्के उपकरणं बंद पडलेली निघाली. कारणं ऐकायला अगदी किरकोळ. विजेचा दाब वेगळा. फिल्टर संपला, नवा मिळत नाही. माहितीपुस्तिका भलत्याच भाषेत. ज्याला चालवायला शिकवलं त्याची बदली झाली. आणि देणगीत आलेलं यंत्र भंगारातही काढता येत नाही, कारण ते यादीवर असतं, त्याच्यावर देणाऱ्याच्या नावाची चकती असते. मग ते कोपरा धरून बसतं. वर चादर, चादरीवर फायलींचा गठ्ठा. जागा आधीच कमी असलेल्या दवाखान्यात एक खाट मावली असती एवढी जागा ते खातं.

बाजारात हे खपलं नसतं. खराब माल गळ्यात मारला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येऊन भांडतं, नाहीतर कायमची पाठ फिरवतं. मदतीच्या व्यवहारात पैसे मोजणारा एक आणि माल वापरणारा दुसरा, मध्ये दोन खंडांचं अंतर. वापरणाऱ्याला पाठ फिरवायची सोय नाही. शिवाय फुकट आलेल्या गोष्टीला नावं कशी ठेवायची, हा संकोच. ठेवली तर पुढचं येणारही बंद होईल, ही भीती त्याहून मोठी. पैसे, औषधं, पुस्तकं वरून खाली येतात आणि अहवाल खालून वर जातो, पण त्या अहवालात वापरणाऱ्याचा आवाज क्वचित असतो. उलट टपालानं खरं उत्तर येण्याची सोयच नाही. जी आहे ती एवढीच, दोन बोटं रुंद.

'लाभार्थी' हा शब्द मी दिवसातून शंभरदा टंकते. विद्यार्थी म्हणजे विद्या मागणारा, शरणार्थी म्हणजे आसरा मागणारा. त्याच चालीवर लाभार्थी म्हणजे लाभ मागणारा. पण फायलीतल्या लाभार्थ्यानं बहुतेक वेळा काही मागितलेलंच नसतं. त्याला काय हवं ते तो भेटण्याच्या आधीच ठरलेलं असतं. त्यापेक्षा 'साहाय्य' हा शब्द मला बरा वाटतो. 'सहाय' म्हणजे मुळात बरोबर जाणारा. वापरून वापरून गुळगुळीत झाला नसता तर याहून नेमका शब्द सापडला नसता.

आजच्या अर्थानं ही मदत सुरू झाली त्याला पाऊणशे वर्षं झाली. २० जानेवारी १९४९ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनी शपथविधीच्या भाषणात परराष्ट्र धोरणाचा चौथा मुद्दा म्हणून मागास भागांना तांत्रिक ज्ञान पुरवण्याची घोषणा केली. १९७० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं ठरवलं की श्रीमंत देशांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के रक्कम मदतीसाठी द्यावी. तो आकडा गाठलेले देश आजही हाताच्या बोटांवर मोजता येतात. स्वीडन त्यातला पहिला. २०२४ साली सगळ्यांची मिळून सरकारी मदत सुमारे २१२ अब्ज डॉलर होती. आकडा मोठा वाटतो खरा. पण परदेशी कमवायला गेलेली माणसं गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या आपल्या घरी जे पैसे धाडतात ते याच्या तिपटीच्या घरात जातात. २०२३ साली ते ६५६ अब्ज डॉलर होते. त्या पैशांचा अहवाल कुणी मागत नाही. घरी फोन लावला की कळतं, पोचले का आणि कशाला लागले.

हे सगळं वाचून मी मदतीच्या विरोधात आहे असं वाटेल. तसं नाही. माझा पगारही त्याच पैशातून होतो, ही गोष्ट बाजूला ठेवली तरी नाही. कारण उलट टपालाची सोय जिथे कुणी डोकं लावून केली, तिथे काय घडलं तेही मी वाचलेलं आहे.

बांगलादेशातली गोष्ट. अतिसारानं मूल मरतं ते शरीरातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. साखर आणि मीठ ठरावीक प्रमाणात पाण्यात मिसळून पाजलं तर आतडं ते पाणी शोषून घेतं, हे १९६८ मध्ये ढाक्यात पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, रुग्णांवर सिद्ध झालं. १९७१ साली निर्वासितांचे लोंढे सीमेपलीकडे, पश्चिम बंगालमधल्या बनगावला आले, सलाईनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपात हे पाणी कालवून नातेवाइकांच्याच हाती पेले दिले. आधी शंभरातले तीसेक रुग्ण दगावत होते, ते चाराच्या खाली आले. उपाय सापडला होता. आता तो लाखो घरांत पोचवायचा होता, आणि त्या घरांत ना तराजू होता, ना मोजपट्टी, ना वाचता येणारी आई.

फजले हसन आबेद यांनी १९७२ मध्ये स्थापन केलेल्या ब्रॅक या संस्थेनं हे काम १९८० साली परदेशी निधीतून हाती घेतलं. मापं त्यांनी माणसाच्या हातातच शोधली. तीन बोटांची चिमूटभर मीठ, एक मूठ गूळ, अर्धा शेर पाणी. तरुण मुली गावोगाव पायी हिंडून, एकेका आईशेजारी बसून, तिच्याच हातानं ते कालवून घेत. नुसतं दाखवलं तर विसरतात, हातानं केलं तर राहतं, हे त्या मुलींच्याच ध्यानात आलं.

पण मला यातली सगळ्यांत आवडती गोष्ट म्हणजे त्यांच्या पगाराची पद्धत. किती घरं फिरलात, किती बायकांना शिकवलंत, यावर पगार नव्हता. काही दिवसांनी दुसरं कुणीतरी त्या गावात जायचं, शिकवलेल्यांतल्या काही आया निवडायचं आणि विचारायचं, काय सांगितलं होतं? करून दाखवा. आईला जितकं आठवे त्यावर शिकवणारीचा मेहनताना ठरे. म्हणजे शेऱ्याचा रकाना थेट पगारपत्रकात! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवून खिडकीशी जाऊन उभी राहिले होते. ज्या माणसासाठी सगळा खटाटोप, त्याच्या तोंडून निघालेल्या शब्दावर खटाटोप करणाऱ्याची मजुरी ठरते, असं मी माझ्या एकाही फायलीत पाहिलेलं नव्हतं.

तेवढ्यावरही निभावलं नाही, आणि तेही त्यांनी लपवलं नाही. आयांना पाठ झालं होतं, पण मूल आजारी पडल्यावर ते पाणी करणाऱ्या फार थोड्या निघाल्या. का? विचारायला गेल्यावर कळलं की शिकवणाऱ्यांतल्या कित्येक जणींचाच त्यावर विश्वास नव्हता. स्वतःला त्रास झाला की त्या गोळ्या घ्यायच्या. आणि घरातल्या पुरुषांना तर कुणी काही सांगितलंच नव्हतं. मग शिकवणाऱ्यांना पटकीच्या रुग्णालयात नेऊन डोळ्यांनी दाखवलं. पुरुषांच्या बैठका घेतल्या, मशिदींत आणि शाळांत बोलणं केलं. १९९० पर्यंत जवळजवळ सव्वा कोटी घरांत चिमूट, मूठ आणि अर्धा शेर पोचलं. परदेशी पैसा आटला तरी बोटं जागेवर राहतात, हा यातला हिशेब कुणी आधी मांडला होता की नाही कोण जाणे.

शाळांच्या फायली मात्र मला नेहमीच जड जातात. वाटलेली पुस्तकं मोजणं सोपं, बांधलेल्या खोल्या मोजणं त्याहून सोपं. नव्वदच्या दशकात पश्चिम केनियातल्या काही शाळांना एका संस्थेनं पाठ्यपुस्तकं दिली आणि अर्थतज्ज्ञांनी पुस्तकं मिळालेल्या नि न मिळालेल्या शाळांची तुलना केली. पुस्तकांनी सरासरी गुण वाढले नाहीत. वाढले ते फक्त आधीपासून पुढे असलेल्या मुलांचे. पुस्तकं इंग्रजीत होती. बहुतेक मुलांची ती तिसरी भाषा. ज्याला वाचताच येत नाही त्याच्या दप्तरातलं पुस्तक म्हणजे नुसतं ओझं. हे त्या वर्गातल्या कुठल्याही मास्तरांनी एका ओळीत सांगितलं असतं. रकाना पुरला असता.

त्याच भागात मायकेल क्रेमर आणि एडवर्ड मिगेल यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. मुलांना जंतांचं औषध दिलं तर शाळेतली गैरहजेरी चौथ्या हिश्शानं कमी झाली. गोळी अतिशय स्वस्त, फळ्याशी किंवा पुस्तकाशी तिचा संबंध शून्य. (परीक्षेतले गुण मात्र गोळीनंही वाढले नाहीत. मूल शाळेत येणं आणि मूल शिकणं या दोन गोष्टींत केवढी दरी आहे, हे मला त्या एका ओळीनं जेवढं कळलं तेवढं कशानंच नाही.) क्रेमर यांना २०१९ मध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्याबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते अशाच कामासाठी. काय मिळालं यापेक्षा काय झालं, हे शेतातल्या वाफ्यांसारखं दोन बाजूंना ठेवून बघण्यासाठी. पुढे मुलांना वयाप्रमाणे नव्हे तर वाचता येण्याच्या पातळीप्रमाणे गटांत बसवून शिकवण्याची रीत झांबियासारख्या देशांनी उचलली. त्यात पहिलं पाऊल काय, तर प्रत्येक मुलाला जवळ बसवून एक उतारा वाचायला लावणं. एवढंच. आधी ऐकायचं.

न ऐकल्यावर काय होतं याचा नमुना म्हणजे ते फिरतं चक्र. मुलांच्या खेळण्याच्या गरगर फिरणाऱ्या पाळण्याला पाण्याचा पंप जोडायचा, मुलं खेळणार आणि टाकी भरणार. कल्पना इतकी गोड की ऐकणारा नाही म्हणूच शकत नाही. २००६ साली अमेरिकेत तिच्यासाठी १ कोटी ६४ लाख डॉलर जाहीर झाले. २०१० पर्यंत आफ्रिकेत ४,००० पंप बसवायचे ठरले. प्रत्यक्षात मुलं थोडा वेळ खेळून निघून जात आणि पाणी तर दिवसभर लागतं. मग मोठ्या बायका कंबरेतून वाकून ते रंगीत चक्र ढकलत बसत. काही ठिकाणी चालू स्थितीतला साधा हातपंप काढून त्या जागी हे बसवलं होतं. बिघडलं तर दुरुस्त करायला माणूस नाही. ठरलेला आकडा गाठण्याच्या आधीच मोहीम गुंडाळली गेली. छायाचित्रं अजून मिळतात, त्यांत सगळी मुलं हसताना दिसतात. त्या बायकांपैकी एकीला जरी आधी विचारलं असतं ना, तर तिनं सांगितलं असतं की हातपंपाला दांडा असतो आणि दांडा उभ्यानं मारता येतो.

छोट्या धंद्यांचा मामला जरा वेगळा. तिथे मदत करणाऱ्याला वाटतं, आपण दान देत नाही, कर्ज देतो आहोत, म्हणजे समोरच्याचा मान राहिला. १९७६ मध्ये मुहम्मद युनूस यांनी बांगलादेशातल्या जोब्रा गावात ४२ जणांना खिशातून मिळून २७ डॉलर उसने दिले, तिथून ग्रामीण बँक उभी राहिली आणि २००६ चं शांततेचं नोबेल आलं. त्यानंतर कैक वर्षं छोटं कर्ज म्हणजे गरिबीवरचा रामबाण असं मानलं गेलं. २०१५ मध्ये बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को या सहा देशांतल्या चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र छापून आले. कर्जानं घरं बुडाली नाहीत, पण सरासरी उत्पन्नात म्हणावी अशी वाढही दिसली नाही. काहींना चालू धंदा थोडा वाढवता आला, कुणाला खर्चाची तोंडमिळवणी करताना मोकळीक मिळाली. बस. मला यात आश्चर्य वाटलं नाही. माझ्याकडच्या फॉर्ममध्ये 'धंदा का सुरू केला?' या प्रश्नाखाली एका बाईचा शेरा होता, 'नोकरी नाही म्हणून.' गरीब माणूस जात्याच उद्योजक असतो, ही समजूत महिन्याच्या महिन्याला पगार घेणाऱ्यांची.

याच क्षेत्रातली दुसरी गोष्ट मात्र मी कुणालाही सांगते. ब्रिटिश सरकारच्या मदत खात्यानं व्होडाफोनला सुमारे १० लाख पौंड दिले, जवळजवळ तेवढेच कंपनीनं घातले, आणि २००५ मध्ये केनियात एक चाचणी सुरू झाली. हेतू अगदी कोरडा होता. छोट्या कर्जाचे हप्ते मोबाईलवरून भरता यावेत. लोकांच्या हाती फोन दिले, शिकवलं आणि मग ते काय करतात ते पाहिलं. हप्ते भरले जात होतेच. पण माणसं भलतंही काही करत होती. कुणी रात्री गल्ला घरात नको म्हणून फोनमध्ये ठेवी आणि सकाळी काढी. कुणी प्रवासाला निघताना एका टोकाला पैसे भरी आणि दुसऱ्या टोकाला उतरल्यावर काढी, म्हणजे वाटेत लुटलं जायची भीती नाही. दुकानदार एकमेकांची देणी चुकती करत. कुणी दुसऱ्याचा हप्ता भरून त्याच्याकडून त्या बदल्यात काम करून घेई.

इथे एखादा शिस्तीचा प्रकल्प असता तर अहवालात 'सुविधेचा गैरवापर' असा मथळा पडला असता आणि पुढच्या फेरीत तो रोखण्याचे नियम. इथे उलट झालं. हप्त्यांचं प्रकरण मागे ठेवून मार्च २००७ मध्ये एम-पेसा बाजारात आलं ते घरी पैसे पाठवण्याचं साधन म्हणून. लोकांनी जे करून दाखवलं तेच विकायला ठेवलं. २०१६ साली तवनीत सुरी आणि विल्यम जॅक या अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडला की एम-पेसामुळे केनियातली १,९४,००० कुटुंबं, म्हणजे सुमारे २ टक्के, दारिद्र्यातून वर आली आणि १,८५,००० बायका शेतीवरून धंद्याकडे वळल्या. मदतीचा पैसा एकदाच आला, तोही थोडा. पण समासात लिहिलेलं वाचायला कुणीतरी बसलं होतं.

कधी कधी तर माणसाच्या ऐवजी वस्तूच शेरा लिहिते. पोलिओच्या लशीच्या कुपीवर १९९६ पासून एक छोटं चिन्ह येऊ लागलं. एक रंगीत वर्तुळ, त्याच्या पोटात फिकट चौकोन. कुपीला जितकी उष्णता लागेल तितका चौकोन गडद होत जातो आणि पुन्हा कधीही फिका होत नाही. चौकोन वर्तुळाइतका काळपट झाला की कुपी टाकून द्यायची. कारखान्यातून निघाल्यापासून शीतपेटीत, होडीत, खांद्यावर काय काय सोसलं, ते सगळं नखाएवढ्या जागेत. ते बघायला अक्षरओळख लागत नाही, वरच्या कचेरीला विचारावं लागत नाही. शेवटच्या टोकाला उभी असलेली कार्यकर्ती स्वतः ठरवते, ही टोचायची की नाही. मी कधी फार वैतागले की त्या चौकोनाचं चित्र काढून बघते.

नारूचंही तसंच. नारू म्हणजे पिण्याच्या पाण्यातून अंगात शिरणारा जंत. १९८६ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या संस्थेनं ही मोहीम हाती घेतली तेव्हा वर्षाला अंदाजे ३५ लाख माणसांना नारू व्हायचा. त्याला लस नाही, औषध नाही. जे होतं ते म्हणजे पाणी गाळायचं कापड, गळ्यात अडकवायची गाळणीची नळी आणि गावागावांत एक स्वयंसेवक, जो नारूचा रोगी दिसला की लगेच कळवील. पुढे पुढे तर कळवणाऱ्याला बक्षीसही मिळू लागलं. २०२४ साली साऱ्या जगात १५ माणसांना नारू झाल्याची नोंद झाली. पंधरा. एवढ्या लहान आकड्याला जगात कुणी इतकं जपत नसेल.

आता दुसऱ्या बाजूचंही बोलायला हवं, कारण फॉर्म भरणाऱ्यांची मला कीव येते. एका परिचारिकेला चार देणगीदारांचे चार फॉर्म भरावे लागतात. चारही जण तेच विचारतात, पण वयोगट वेगळे पाडतात. एकाला पाच वर्षांखालची मुलं हवीत, दुसऱ्याला दोन वर्षांखालची. टांझानियाच्या सरकारनं तर देणगीदारांना सांगून वर्षातले काही महिने 'शांततेचा काळ' म्हणून राखून घेतले होते, की या दिवसांत कृपया पाहणी पथकं पाठवू नका, आम्हाला अंदाजपत्रक करू द्या. पाहुण्यांच्या सरबराईत यजमानाचं काम राहून जावं, तशातली गत. ऐकण्याच्या नावाखाली नुसतं विचारत सुटणं हाही एक त्रासच आहे, आणि त्या त्रासात माझाही वाटा आहे. पुढच्या तिमाहीचा फॉर्म जास्त लांब व्हावा अशी शिफारस मी स्वतः दोनदा केली आहे.

२० जानेवारी २०२५ रोजी, ट्रूमन यांच्या भाषणाला बरोबर ७६ वर्षं झाली त्या दिवशी, अमेरिकेनं परदेशी मदत ९० दिवसांसाठी थांबवली. १ जुलैला यूएसएड या १९६१ पासूनच्या अमेरिकी मदत संस्थेचं मदतीचं काम अधिकृतपणे थांबलं. ब्रिटननं आपली मदत २०२७ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.३ टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं. एड्सवरच्या अमेरिकी कार्यक्रमानं २००३ पासून अडीच कोटी जीव वाचवल्याचा खुद्द अमेरिकी सरकारचाच हिशेब होता. त्या कार्यक्रमाच्या दवाखान्यांतही काम थांबलं. मदत फुकट जाते असं म्हणणाऱ्यांना आनंद झाला असेल. मला ती प्लग न बसणारी पेटी आठवली आणि चौकोनाकडे बघून कुपी उचलणारी बाईही. थांबवणाऱ्यांनी दोघींत फरक केला नव्हता. करायला शेरे वाचावे लागले असते.

त्या वर्षी माझ्याकडे येणाऱ्या फायली एकेक करून आटल्या. एका प्रकल्पाचं काम अर्ध्यात बंद करा असं पत्र आलं. आलेले फॉर्म तेवढे नोंदवून ठेवा, बेरजा नकोत, अहवाल नको. मी तरी शेवटचा गठ्ठा उघडला. एका दवाखान्याचं महिन्याचं पान. सगळे रकाने स्वच्छ भरलेले, तारीख काम थांबल्यानंतरच्या महिन्याची. म्हणजे कळलं नव्हतं, किंवा कळूनही भरलं होतं. तपासलेल्या बाळांची संख्या, वजनं, दिलेले डोस. आणि अगदी उजवीकडे, कडेनं वर चढत गेलेल्या बारीक अक्षरात,

'फॉर्म संपत आले आहेत. पुढच्या महिन्यासाठी कोरे पाठवावेत.'

वर दिलेल्या पत्त्यावर मी ईमेल लिहिला. दोन मिनिटांत तो परत आला. असा पत्ता अस्तित्वात नाही.